तीन मशीन आणि एक निळा प्रवेश : फोंड्यातल्या रेंडरच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार
जत्रांचा हंगाम संपला आणि हार्ड डिस्कवर अकरा नाटकं पडून आहेत. सगळी देवळांच्या उत्सवातली, दोन-दोन कॅमेऱ्यांवर चित्रित केलेली, प्रत्येक अडीच-पावणेतीन तासांचं. मंडळांना चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पेनड्राइव्ह हवेत. यंदा चवथ ७ सप्टेंबरला. एडिटिंग माझ्या हातात आहे, पण शेवटचा रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढणं, मशीनच्या हातात, आणि एक नाटक बाहेर पडायला माझ्या जुन्या मशीनला पाच तासांच्या आसपास लागतात.

मशीन म्हणजे इंटेल कोअर आय७-८७००के. २०१७ चा प्रोसेसर, सहा कोअर (काम करणारे गाभे), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ. नावात 'के' आहे आणि मदरबोर्ड झेड३७०, म्हणजे ओव्हरक्लॉक करायची (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची) मुभा पहिल्या दिवसापासून होती. सहा वर्षांत कधी हात लावला नाही. भाचा म्हणतो, "मामा, तू कार पहिल्या गिअरात घालून अनमोड घाट चढतोयस." त्याचं स्वतःचं मशीन रायझन ९ ५९००एक्स आहे. म्हापशाला कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या मित्राकडे आय५-१३६००के जोडलेलं आहे. तिन्ही मोजून बघायच्या, ओव्हरक्लॉक करून आणि न करता.

चाचणीसाठी दहा मिनिटांचा तुकडा काढला. पौराणिक नाटकातला दुसरा अंक, निळा प्रकाश, धुराचं यंत्र सुरू, आणि मागच्या पडद्यावर कॅमेऱ्याचा दाणा (कमी उजेडात दिसणारे बारीक ठिपके) नुसता वळवळतोय. एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला, सर्वांत जड हेच. त्याचं सगळं काम 'मागच्या फ्रेमसारखं काय आहे' हे शोधण्यावर चालतं, आणि धूर कधीच मागच्यासारखा नसतो. फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे बरोबर १५,००० फ्रेम. एन्कोडर एक्स२६५, प्रीसेट स्लो (हळू पण नीट), सीआरएफ २० (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा). प्रत्येक मोजणी तीनदा, पहिली टाकून द्यायची.

११ जून
पहिलीच मोजणी चुकली. 'काही न बदलता' म्हणून लावलेला रेंडर १७ मिनिटं ४० सेकंदांत संपला. जरा जास्तच चांगला वाटला म्हणून सेन्सर बघितले तर सहाही कोअर ४.७ वर पळतायत. या प्रोसेसरला ४.७ फक्त एका कोअरवर काम असताना मिळायला हवा; सगळे कामाला लागले की ४.३. बोर्डच्या बायॉसमध्ये (मूळ सेटिंग्जमध्ये) 'मल्टीकोअर एन्हान्समेंट' नावाचं खातं ऑटोवर होतं, आणि ऑटो म्हणजे चालू. म्हणजे सहा वर्षं मी नकळत ओव्हरक्लॉक चालवत होतो! भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

ते बंद करून पुन्हा: १९ मिनिटं १४ सेकंद. सेकंदाला १३ फ्रेम. हा खरा पाया. नेटवर लोक आपापले आकडे टाकतात तेव्हा त्यातल्या कितींनी हे खातं बघितलं असेल कोण जाणे.

१४ जून
मल्टिप्लायर ४८, व्होल्टेज १.२८. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो, त्याला ४८ ने गुणायचं, झाला ४.८ गिगाहर्ट्झ. वेळ १७:२२. वेग जवळपास पावणेबारा टक्के वाढवला, काम पावणेअकरा टक्के वाढलं. ठीक.

तापमान मात्र ७१ वरून ८४ वर गेलं, तेही एसी २५ वर असताना. याचं गणित सोपं आहे: वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या पटीत. ४.३ ला १.२० व्होल्ट पुरत होते. १.२८ भागिले १.२० चा वर्ग १.१४, गुणिले वेगाचे १.१२, म्हणजे सुमारे २७ टक्के जादा वीज. ५.० साठी १.३६ व्होल्ट लागतील असं दिसतंय. तिथे हाच हिशोब ४९ टक्क्यांवर जातो. वेगात १६ टक्के मिळवायला.

त्यात या पिढीत चिप आणि वरची धातूची टोपी यांच्यामध्ये सोल्डर नाही, साधी पेस्ट आहे. पुढच्या वर्षीच्या ९९००के मध्ये सोल्डर परत आलं. काही हौशी लोक टोपी उचकटून आत लिक्विड मेटल भरतात. मी भरणार नाही. चिपवर ब्लेड चालवायचं वय गेलं.

१५ जून
५.० गिगाहर्ट्झ, १.३६ व्होल्ट. वेळ १७:२०.

दोनदा बघितलं. १७:२०. म्हणजे ४.८ पेक्षा दोन सेकंद कमी. बायॉसमध्ये ५.०, विंडोजमध्ये रिकाम्या बसलेल्या मशीनवर ५.०, आणि रेंडर सुरू झाला की सेन्सरवर ४.८. अर्धा दिवस वीजपुरवठ्यावर संशय घेतला, मग पॉवर लिमिटवर. शेवटी सापडलं: एव्हीएक्स ऑफसेट, दोन. एव्हीएक्स सूचना प्रोसेसरला फार तापवतात, म्हणून त्या सुरू झाल्या की मल्टिप्लायर आपोआप दोनने खाली आणायची ही सोय. एक्स२६५ एव्हीएक्स२ वरच जगतो. म्हणजे माझं ५.० फक्त ब्राउझर उघडायला होतं.

ऑफसेट शून्य केला. १६:४०. तापमान ९६-९८. एसी बंद करून, खिडकी उघडून, खोलीत ३१ अंश असताना तोच तुकडा: तापमान १०० ला टेकलं, प्रोसेसरनं स्वतःच वेग खाली ओढला, वेळ १७:४८. म्हणजे बोर्डानं गुपचूप दिलेल्या ४.७ पेक्षाही हळू.

१९ जून
डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या प्रोग्राममधून थेट एक्सपोर्ट करून बघितला, रंगकाम आणि इफेक्टसकट. ४.३ आणि ४.८ मध्ये बारा मिनिटांत नऊ सेकंदांचा फरक. प्रोसेसर निम्मा रिकामा, ग्राफिक्स कार्ड ९७ टक्क्यांवर. रिझॉल्व्ह इफेक्टचं काम कार्डावर टाकतो, तिथे प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणं म्हणजे आचाऱ्याचाच हात अपुरा पडत असताना वाढप्यांना पळायला सांगणं. ज्यांचं काम एवढंच आहे त्यांनी ही वही इथेच मिटावी. मी मास्टर फाइल काढून मग एक्स२६५ मधून घालतो, कारण ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये धुराची चौकोनी ढेकळं करतो आणि मंडळाचे लोक नाटक मोठ्या टीव्हीवर लावतात.

२४ जून, सांजांव (सेंट जॉनचा सण)
बाहेर पोरं विहिरीत उड्या मारतायत, डोक्यावर कोपेलां, म्हणजे पानाफुलांचे मुकुट. मी रात्री दहाला पूर्ण नाटक ५.० वर लावलं, एसी चालू. १६० मिनिटं, २,४०,००० फ्रेम. अडीच वाजायच्या सुमारास संपलं: ४ तास २८ मिनिटं. ४.३ वर ५ तास ८ मिनिटं लागली असती. चाळीस मिनिटं वाचली. भाच्याला व्हॉट्सअ‍ॅप केला.

२६ जून
आनंद दोन दिवस टिकला.

मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. "अहो, दुसऱ्या अंकात राजाच्या गालाला हिरवं काय लागलंय?" मी म्हटलं मेकअप असेल. "मेकअप चौकोनी नसतो हो."

फाइल उघडली. १ तास ४७ मिनिटांवर राजा वळून प्रधानाकडे बघतो, आणि गालावर सुपारीएवढा हिरवा चौकोन उमटतो. पुढच्या फ्रेमला तो डोक्यासोबत सरकतो. तिसऱ्या-चौथ्याला त्याची कड विरघळते, रंग मिशीत उतरतो, आणि पुढची की-फ्रेम (मागच्यावर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम) येईपर्यंत, चांगले सहा सेकंद, राजा हिरवट ओघळ घेऊन भाषण करतो. मास्टरमध्ये तिथे काही नाही, स्वच्छ आहे. म्हणजे एन्कोड करताना कुठेतरी एक हिशोब चुकला, आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमनं 'मागच्यासारखं' म्हणून ती चूक पुढे नेली.

मशीन बंद पडलं नाही. निळा पडदा आला नाही. प्रोग्रामनं 'पूर्ण' असं लिहिलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मात्र त्या रात्रीच्या चार नोंदी: डब्ल्यूएचईए, क्रमांक १९, दुरुस्त केलेली हार्डवेअर चूक. चार दुरुस्त झाल्या; पाचवी झाली नसावी. मी मशीन स्थिर आहे असं धरलं होतं ते सिनेबेंच या चाचणीच्या प्रोग्रामच्या दहा मिनिटांवर. भाचा ऐकून एवढंच म्हणाला, "दहा मिनिटं तर कुणीही शहाण्यासारखं बसतं, मामा."

२९ जून
आता मोजायची गोष्ट बदलली. नुसता वेळ मोजून उपयोग नाही, फाइल खरी आहे का तेही बघायला हवं. एक्स२६५ चं बरं आहे: तेच मशीन, तीच सेटिंग, तोच तुकडा दिला तर प्रत्येक वेळी बिट-न-बिट तीच फाइल निघते. फाइलच्या बाहेरच्या वेष्टनात (कंटेनरमध्ये) तयार झाल्याची वेळ लिहिली जाते ती तेवढी वेगळी, म्हणून नुसता व्हिडिओ प्रवाह घेऊन एफएफएमपेग या प्रोग्रामनं त्याचा एमडी५, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा, काढायचा. ४.३ वर निघालेला आकडा खरा मानायचा आणि बाकी सगळे त्याच्याशी ताडायचे. दोन मशीनमध्ये हे चालत नाही, कारण कोअर बदलले की फ्रेम-थ्रेडची संख्या बदलते आणि फाइलही.

तीन दिवस हेच चाललं. एक छोटी बॅच फाइल लिहून रात्रभर लावून ठेवली.
५.० वर दहा वेळा: तीन वेगळ्या. त्यातली एक डोळ्यांना अजिबात कळत नाही, पण आकडा वेगळा.
४.९, १.३४ व्होल्ट, दहा वेळा: एक वेगळी.
४.८, १.२८ व्होल्ट: एकोणिसावी फेरी वेगळी! १.३० केल्यावर वीस पैकी वीस बरोबर.
४.७, १.२५ व्होल्ट: वीस पैकी वीस.

४.८ आणि ४.७ मध्ये अठरा सेकंदांचा फरक, तापमानात सहा अंशांचा. ४.७ वर थांबलो. म्हणजे फिरून तिथेच, जिथे बोर्डानं मला न विचारता सहा वर्षं ठेवलं होतं. फक्त बोर्ड ऑटोवर १.३३ व्होल्ट देत होता आणि मी १.२५.

त्या नाटकाचा पेनड्राइव्ह बदलून दिला. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

२ जुलै
भाचा ५९००एक्स घेऊन आला, गाडीच्या मागच्या सीटला बेल्ट लावून. नोव्हेंबर २०२० चा प्रोसेसर, बारा कोअर, चोवीस थ्रेड. काहीही न करता १० मिनिटं २५ सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम. माझी तीन आठवड्यांची खटपट याच्या खिजगणतीत नाही.

तरी दुप्पट कोअर, नवी रचना, आणि दुपटीपेक्षा थोडं कमीच काम. वापर बघितला तर ८०-८५ टक्के. कारण एक्स२६५ चित्र ६४ पिक्सेलच्या चौकोनांत तोडतो आणि ओळीओळीनं वाटतो. १०८० भागिले ६४, म्हणजे सतराच ओळी. आणि खालच्या ओळीला वरची ओळ दोन चौकोन पुढे जाईपर्यंत थांबावं लागतं. पुढच्या फ्रेमचं काम मधे घुसवून तो जागा भरतो, पण चोवीसही थ्रेड पूर्णवेळ कामाला लागत नाहीत. फोर-के असतं तर चौतीस ओळी मिळाल्या असत्या.

६ जुलै
एएमडीचं ओव्हरक्लॉक वेगळ्या चालीचं. सगळे कोअर ४.५ वर बांधले, १.२५ व्होल्ट: ९:४८. पण एडिटिंगला मशीन जड वाटायला लागलं. साहजिक आहे, एकट्या कोअरला ४.८ पर्यंत जायची मोकळीक होती ती आपण ४.५ ला बांधली. सोडून दिलं.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर. इथे वेग नाही वाढवायचा, प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज कमी करायचं. पॉवरची मर्यादा तीच १४२ वॉट, पण तेवढ्यातच तो जास्त पळतो. सगळ्या कोअरना उणे २०: ९:५८. वा! मशीन रेंडरमध्ये दगडासारखं. रेंडर संपला, आम्ही चहाला उठलो, परत येतो तर मशीन रीस्टार्ट झालेलं. भाच्याला हे माहीत होतं आणि तो हसत होता. भारात नाही, रिकाम्या वेळी पडतं, कारण तेव्हाच एखादा कोअर एकटा टोकाच्या वेगाला उडी मारतो आणि आपण कापलेलं व्होल्टेज त्याला कमी पडतं. उत्तम म्हणून निवडलेल्या दोन कोअरना उणे ५, बाकीच्यांना उणे १५: १०:०२. पडलं नाही. एमडी५ही वीस पैकी वीस.

तेवीस सेकंद. दोन दिवस. असो.

८ जुलै
काल रात्रीपासून पाऊस थांबलेलाच नाही. अडीचच्या सुमाराला माडाचं चुडत (झावळी) तारेवर पडलं आणि वाडा अंधारात. सव्वादोन तास झालेला रेंडर गेला. यूपीएस ६०० व्हीएचा आहे, ५९००एक्स, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून त्याच्या आवाक्याबाहेर. किंचाळला आणि गप्प झाला.

आजपासून नाटक अखंड लावायचं नाही. अंकाअंकाचे, मोठा अंक असेल तर प्रवेशाचे तुकडे. शेवटी एफएफएमपेगनं पुन्हा एन्कोड न करता जोडायचे. हे ओव्हरक्लॉकिंगच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही, पण काल जेवढा वेळ बुडाला तेवढा वाचवायला मला ५.० वर तीन-चार नाटकं रेंडर करावी लागली असती.

१३ जुलै
म्हापसा. दुकान उघडायच्या आधी दोन तास मिळाले. आय५-१३६००के, सहा मोठे कोअर, आठ छोटे, वीस थ्रेड. मूळ सेटिंगवर ११:०२. मोठे कोअर ५.३ ला नेले: १०:४४, आणि भिंतीच्या मीटरवर आकडा पंख्यासारखा फिरायला लागला. मित्र म्हणाला, "बस झालं रे, हे विकायचं आहे मला."

त्याचं खरं बळ दुसरीकडे आहे. आतल्या ग्राफिक्समध्ये १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओ) उलगडायची सोय आहे. माझा नवा कॅमेरा तेच देतो, आणि माझ्या एनव्हिडिया कार्डाला ते जमत नाही. ५९००एक्स टाइमलाइनवर त्या फाइल ओढताना धापा टाकतो. हा लोण्यासारखा चालतो. मात्र 'केएफ' घेतलात तर हे ग्राफिक्सच नसतं. दोन-तीन हजार वाचवायला लोक नेमकं तेच घेतात.

१७ जुलै, आषाढी
देवळात भजन. मशीन बंद.

२० जुलै
हे आधी का सुचलं नाही. चोवीस थ्रेड एका नाटकाला पुरून उरतात, तर दोन नाटकं एकदम लावावीत. तोच तुकडा दोन खिडक्यांत एकाच वेळी: दोन्ही १८:३१ मध्ये संपले. म्हणजे मिळून सेकंदाला २७ फ्रेम. एकट्याला २४. साडेबारा टक्के जास्त, व्होल्टेजला बोट न लावता. ओव्हरक्लॉकनं दिलेलं सगळं एकीकडे आणि ही दुसरी खिडकी एकीकडे.

मग भाच्यानं उलटी दिशा सुचवली. इको मोड: मर्यादा १४२ ऐवजी ८८ वॉट. एकटा तुकडा ११:३१, मीटरवर २३० ऐवजी १६० वॉट. दोन एकदम लावले: २०:३०. सेकंदाला २४.४ फ्रेम. म्हणजे पूर्ण तापलेल्या मशीननं एक नाटक ज्या वेगानं केलं, तोच वेग थंड मशीन दोन मिळून देतंय, एसीशिवाय, आणि यूपीएस न किंचाळता.

८७००के शी विजेचा हिशोब लावला. ४.३ वर त्याचे भिंतीला १७५ वॉट, दहा मिनिटांच्या तुकड्याला ५६ वॉट-तास. ५.० वर ६८. इको मोडच्या ५९००एक्सला, एकट्या तुकड्यालाही, ३१.

२३ जुलै
काल इंटेलनं जाहीर केलं की तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जी अस्थिरता दिसते तिचं कारण मायक्रोकोडमधली (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्राममधली) चूक आहे, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो. दुरुस्ती ऑगस्टच्या मध्यात. आणि जे आधीच बिघडलेत ते त्यानं बरे व्हायचे नाहीत. मित्राला फोन केला. त्याचं १३६००के अजून विकलेलं नाही, बायॉस येईपर्यंत विकणार नाही म्हणाला. मी दहा दिवसांपूर्वी त्यालाच ५.३ वर पळवत होतो.

१८ ऑगस्ट
नऊ नाटकं बाहेर पडली. ५९००एक्स मी ठेवून घेतलाय, भाच्याला पैसे हप्त्यानं. ८७००के ४.७ आणि १.२५ व्होल्टवर एडिटिंगला. त्याच्यावर एन्कोड फक्त छोटे. म्हापशाच्या मित्रानं नवा बायॉस चढवला, दुरुस्तीचा मायक्रोकोड ०एक्स१२९ त्यात आहे. मशीन विकत घ्यायला मला गळ घालतोय, ४:२:२ चं आमिष दाखवून. चवथीनंतर बघू.

सेक्रेटरींनी दुसरा पेनड्राइव्ह पूर्ण बघितला म्हणे. राजाचा गाल ठीक आहे, पण प्रॉम्प्टरचा आवाज फार ऐकू येतो.

आज रात्री: दहावं नाटक अंक दोन, अकरावं अंक एक, दोन खिडक्या. एमडी५ ची बॅच सकाळी सहाला. एसी बंद.